आईवर लिहायच्या आधी ते कॅलेंडर भिंतीवरनं उतरव

कोल्हापूर, ९ सप्टेंबर

पोरी,

तुझा व्हॉट्सॲप येऊन आठ दिवस झाले आणि मी काही उत्तर दिलं नाही म्हणून वाईट वाटलं असंल तुला. पण 'छान लिहिलंयस' एवढं टाकून मोकळं व्हायला मला जमंना. तू पाठवलेल्या दोन पानांची मी प्रिंट काढून आणली, मोबाईलवर बारीक अक्षर वाचवत नाही आता, आणि काल चर्चमध्ये मरियामातेच्या सणाच्या मिस्सेला जाऊन आल्यावर परत एकदा सावकाश वाचली. जानेवारीत आईला जाऊन वर्ष होतंय, तिच्या वर्षाची मिस्सा, त्या दिवशी वाटायला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची हे तुझ्या मनात आलं ह्याचं मला लई कौतुक आहे, घरातल्या थोरल्यांपैकी कुणाला सुचलं नाही ते शेंडेफळाला सुचलं. पण बाळा, ही दोन पानं छापू नकोस. अजून चार महिने हातात आहेत.

'माझी आई अत्यंत प्रेमळ, कष्टाळू आणि धर्मनिष्ठ होती. तिने संसाराचा गाडा समर्थपणे ओढला.' ह्यात खोटं काही नाही, मी तिची शाळेपासूनची मैत्रीण, साक्षीला आहे. पण हीच वाक्यं मी शंभर श्रद्धांजल्यांत वाचलीत, कुणाच्याही आईच्या फोटोखाली घातली तरी चालतील अशी. तुझी आई काय कुणाच्याही आईच्या जागी चालली असती का?

हे मी तुला वरनं सांगत नाही, माझ्या हातनं हेच झालंय. माझी आई १९९४ साली गेली. मी कोल्हापुरात मास्तरीण, मराठी शिकवते, म्हणून भावांनी सांगितलं तू लिही, आणि मी एका पेपरात लेख दिला. वात्सल्यसिंधु, त्यागमूर्ती, सगळे शब्द घातले. ते कात्रण घेऊन गावी गेले आणि आईची पैऱ्याची मैतरीण होती, जन्मभर एकमेकींच्या शेतात लावणीला गेलेल्या, तिला वाचून दाखवलं. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "आणि तिची मिश्री गं?" मला एकदम कळलं की मी काय टाकून आलेय. माझी आई मिश्री लावायची, दिवसातनं चारपाच वेळा, आणि उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी ती डबी कपड्यांच्या पाटीत तळाला घालायची ती थेट पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला काढायची. ४० दिवस. आणि ते ४० दिवस म्हणजे काजूच्या बिया गोळा करायचा सीझन, ऊन मरणाचं, डोकं धरलेलं, त्यामुळं उपासकाळात आम्ही पोरांनी वर्षाचा सगळा मार खाऊन घेतला. ह्यात माझी सगळी आई आहे, तिचा हट्ट, तिचा देव, तिचा राग. लेखात ह्यातलं एक अक्षर नव्हतं. मला लाज वाटली होती, आई मिश्री लावायची हे छापायची. तीस वर्षं झाली, ते कात्रण मी परत कुणाला दाखवलं नाही.

तर तू गुण लिहू नकोस, तिचा दिवस लिही. तिची भक्ती वेगळी काढून दाखवायला जाशील तर हातात काही लागणार नाही, कारण ती कामातच मुरलेली होती, ताकात मीठ असतंय तशी.

तुझ्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं जुनी कॅलेंडरं एकावर एक टांगलेली असायची, आठवतंय? चर्चमधनं मिळणारं, संतांचे सण छापलेलं. आई ती कधी टाकायची नाही, नवीन आलं की त्याच खिळ्याला वरनं अडकवायची. गेल्या वर्षी मी तिच्याकडं मुक्कामाला होते तेव्हा एक चाळून बघितलं. १९ मार्च, संत योसेफाचा सण, आणि खाली बॉलपेननं 'तांबडी म्हैस दाखवली'. तिथनं दहा महिने दहा दिवस मोजून पुढच्या कॅलेंडरवर फुली. १५ ऑगस्ट, मरियामातेचं स्वर्गोन्नयन आणि झेंडावंदन दोन्ही, त्याच्याखाली 'युरिया २ पोती उधार'. एका शुक्रवारी नुसतंच 'ताप. कोमट पाणी. कुणाला सांगितलं नाही'. पोरी, ही तुझ्या आईची डायरी आहे आणि ती तिनं देवाच्याच कागदावर लिहिलीय. सातवीनं शाळा सुटली तरी तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, आम्ही एका बाकावर बसायचो म्हणून मला माहिताय. पहिलं काम हे कर, ती सगळी कॅलेंडरं उतरव, धूळ झटक आणि एक एक महिना वाचून काढ. जे समजणार नाही ते पप्पांना विचार.

दुसरं, दुधाचं पासबुक. आपल्या जिल्ह्याचा दूध संघ १९६३ सालचा, त्यानंतर हळूहळू गावोगावी सोसायट्या झाल्या, आणि मला विचारशील तर वाडीतल्या बायकांच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा पहिल्यांदा आला तो ह्या दुधाचा. ऊस, भात, काजू, सगळ्याचा पैसा बाप्यांच्या खिशात. दुधाचं दहा दिवसाचं बिल मात्र तिच्या हातात यायचं. पासबुकावर नाव पप्पांचं आणि आतला हिशोब तिच्या अक्षरात. पेंडीचे इतके, वहीचे इतके, आणि प्रत्येक बिलाच्या शेवटी एक बारका क्रूस काढून पुढं ५ किंवा १०, जशी ऐपत असंल तसे. ते चर्चचे. फॅट कमी लागली त्या हप्त्यालासुद्धा ते पाच रुपये आहेत. तू तुझ्या पानात 'दानशूर' लिहिलंयस. तो शब्द काढ आणि त्या पासबुकाच्या एका पानाचा फोटो छाप.

तिसरं तिचं प्रार्थनेचं पुस्तक. कडेला खुणा केल्यात का बघ, पानं कुठं मळलीत बघ. हे मी का सांगते तर पोलंडमध्ये मार्कोवा नावाच्या गावात एक शेतकरी कुटुंब होतं, योझेफ उल्मा आणि त्याची बायको विक्टोरिया. महायुद्धात त्यांनी ८ ज्यू माणसं घरात लपवली. २४ मार्च १९४४ ला जर्मन पोलिसांनी त्या आठजणांना मारलं, मग नवराबायकोला, मग त्यांच्या ६ लेकरांना, त्यात सगळ्यांत मोठी मुलगी आठ वर्षांचीसुद्धा पूर्ण नव्हती, आणि विक्टोरिया परत गरोदर होती, दिवस भरत आलेले. १० सप्टेंबर २०२३ ला पोपसाहेबांच्या हुकमानं त्या सगळ्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं, पोटातल्या बाळासकट. मी ते सगळं वाचलं तेव्हा माझ्या मनात रुतून बसलं ते हे की त्यांच्या घरातल्या बायबलमध्ये चांगल्या शोमरोन्याच्या, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याच्या, गोष्टीला खूण केलेली सापडली आणि बाजूला एकच शब्द लिहिलेला, 'ताक'. पोलिश भाषेत ताक म्हणजे हो. बस, एवढंच. कोण कुठली शेतकऱ्याची बायको, चूल, गुरं, सहा पोरं, आणि घरातल्या पुस्तकात एक 'हो'. त्या घरानं काय ठरवलं होतं ते सांगायला आणखी काही लागत नाही. तुझ्या आईच्या पुस्तकातही असा एखादा हो असंल, तू नुसतं उघडून बघितलं नसशील.

आता तिचा दिवस कसा लिहायचा. तुला वाटेल काय रोजचंच, पहाटे उठली, शेण काढलं, धार काढली, चूल पेटवली. पण एका दिवसावर थांब, लावणीचा एखादा दिवस घे. मी एकदा जुलैत शाळेला सुट्टी म्हणून आले होते तेव्हा तिच्याबरोबर चिखलात उतरले. पाऊस आडवा, अंगावर प्लॅस्टिकची खोळ, पूर्वी इरली असायची, पुढं चिखलगुठ्ठा केलेला वाफा आणि सात-आठ बायका वाकून मागं मागं सरकत रोप लावतायत. बाकीच्या गाणी म्हणत होत्या, तुझी आई त्यांच्यात एखादी ओळ घ्यायची आणि मग गप. मला वाटलं दमली. जवळ गेले तर ओठ हलत होते. नमान मोरिये, नमान मोरिये, आपली कोकणीतली 'नमो मारिया'. दोन्ही हात चिखलात, जपमाळ धरणार कशी, तर तिनं हिशोब बसवला होता, एक मूठ रोप सोडायचं आणि ते संपेपर्यंत दहा, मग मूठ सोडताना एकदा आमच्या बापा. पाच मुठी झाल्या की एक रोजारी, म्हणजे जपमाळेचा एक फेरा, पूर्ण. मला म्हणाली, "वाफा झाला की मला कळतंय आज कुणासाठी किती झालं." त्या दिवशी तिनं एक वाफा तुझ्या थोरल्या भावाच्या बारावीसाठी लावला होता, एक तिच्या सासूच्या गुडघ्यासाठी, आणि एक, ते तिनं लाजत सांगितलं, माझ्यासाठी, माझी तेव्हा बदलीची भानगड चालली होती. तो भात नंतर मी खाल्ला असणार. मला अजून तो वाफा दाखवता येतो, ओढ्याकडनं तिसरा.

बघ, 'ती सतत प्रार्थना करायची' असं लिहिलंस तर वाचणारा मान हलवंल आणि पुढं जाईल. मूठ आणि दहा असं लिहिलंस तर वाकलेली बाई दिसतीय.

तिच्या ह्या गोष्टींतलं नेमकेपण सोडू नकोस. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी रोजारीत प्रकाशाची रहस्यं, म्हणजे जप करताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग, नवीन घातली, गुरुवारसाठी. त्याआधी गुरुवारी आनंदाची रहस्यं असायची. तुझ्या आईला गुरुवारचं बदललेलं बरेच महिने पचनी पडलं नाही, मला म्हणायची की गुरुवारी धारंला बसलं की तोंडात आपोआप आनंदाचीच येतात, म्हैस पण त्यालाच पान्हा सोडतीय. मग तिनं तोडगा काढला, सकाळच्या धारंला जुनी आणि संध्याकाळी घरच्या सगळ्यांबरोबर नवीन. असल्या बारक्यासारक्या गोष्टी बाईचा स्वभाव सांगतात, मोठे प्रसंग त्यामानानं कमीच सांगतात.

२०१४ च्या डिसेंबरात आम्ही दोघी जुन्या गोव्याला गेलो, फ्रान्सिस झेवियरच्या, आपल्या गोंयच्या सायबाच्या, शवपेटीच्या दर्शनाला, ते दहा वर्षांतनं एकदा असतंय. त्या वेळी शेजारच्या मावशींना म्हशीची धार सांगून ती आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण दिवस घराबाहेर राहिली. आंबोली घाट उतरताना तिचं लक्ष खिडकीत नव्हतं, पिशवीत हात घालून काहीतरी चाचपत होती. से कॅथेड्रलच्या त्या लांब रांगेत मी विचारलं तेव्हा दाखवलं, रुमालात बांधलेलं ओंजळभर घनसाळचं भात. बियाण्याचं. पेटीला टेकवायचं होतं तिला, तिथं कुणाला थांबू देत नव्हते, म्हणून तिनं चालता चालता रुमाल नुसता समोर धरला आणि पुढं गेली, दोन सेकंद झाले असतील. परत येऊन ते भात बियाण्याच्या कणगीत मिसळलं. दोन वर्षांनी, २०१६ ला आपल्या आजरा घनसाळला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मी फोन करून सांगितलं की बघ आता आपल्या तांदळाला सरकारी मान आला. ती म्हणाली, "त्याला सायबाचा हात लागलाय की आधीच." ती हे मनापासून म्हणत होती. तू पण तसंच मनापासून लिही, त्याला अंधश्रद्धा म्हणायची किंवा समजावून सांगायची गरज नाही.

आता जरा अवघड गोष्टीकडं येते. तुला माहीत आहे की नाही मला ठाऊक नाही, म्हणून बसून वाच. तुझ्या आधी, तुझ्या मधल्या भावाच्या पाठीवर एक मुलगी झाली होती. आठ महिन्यांची असताना तापानं गेली, भर पावसात, ओढ्याला पाणी, गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. त्यानंतर तुझी आई एक अख्खा पावसाळा चर्चमध्ये आली नाही. पोरांना आंघोळ घालून, केस विंचरून पाठवायची आणि स्वतः बांधावर जाऊन गवत कापायची, रविवारी, जे ती एरवी कधी करायची नाही. फादर घरी येऊन गेले, तिनं चहा दिला, बसायला पाट दिला, पण बोलली नाही. वाडीत बायका कुजबुजायच्या. मी पण त्या वेळी कोल्हापूरहून एक पत्र लिहिलं होतं, देवाची इच्छा वगैरे असलं काहीतरी, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तिनं त्याचं उत्तर दिलं नाही आणि आमच्या मैत्रीत ती एकच जागा रिकामी राहिली. मग ८ सप्टेंबरला, कालच्याच सणाला, ती आली. ह्या सणाला आपल्यात नव्या लोंब्या नेतात आशीर्वादासाठी. घनसाळ गरवं, ते इतक्यात निसवत नाही, म्हणून लवकर येणाऱ्या हळव्या भाताच्या लोंब्या आणल्या होत्या तिनं, पदरात धरून, आणि मागच्या दाराशी उभी राहिली. आत नाही आली. पुढच्या रविवारी आत आली. का आली, काय झालं मधल्या आठ दिवसांत, कुणाला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे लिही असा माझा सल्ला आहे. पप्पांना आधी विचार, त्यांची परवानगी नसंल तर नको, तो त्यांचाही दुखरा भाग आहे. पण ते हो म्हणाले तर लिही, कारण ह्याच्याशिवाय तुझ्या आईची श्रद्धा एकदम फुकटात मिळाल्यासारखी दिसतीय, आणि तशी ती नव्हती, तिनं एक पावसाळा देवाशी अबोला धरला आणि मग लोंब्या घेऊन परत गेली. आणि त्या बाळाचं नाव लिही. कबरीवरचा क्रूस लाकडी होता, कुजून गेला, नाव आता फक्त बाप्तिस्म्याच्या वहीत असंल आणि आईच्या मनात होतं, ते गेलं. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी ती सासू-सासऱ्यांच्या मेणबत्त्या लावून झाल्या की एक मेणबत्ती कोपऱ्यात नुसत्या मातीवर लावायची, तुम्ही पोरं विचारायचा कुणाची गं, तेव्हा म्हणायची देवाची. ती ही.

कागदांचं अजून एक. सातबारा काढलास का? काढ, ऑनलाइन मिळतोय. त्यावर पप्पांचं नाव आहे, काकांचं आहे, आईचं कुठंच नाही. ४५ वर्षं त्या जमिनीत तिचे हात, आणि खानेसुमारीवाला दारात आला की घरातले सांगायचे, ती काय करत नाही, घरीच असते. मी स्वतः ऐकलंय हे, ती तेव्हा परड्यात शेणी थापत होती. १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा म्हणून, बऱ्याच गावांत नवऱ्यांनी आपणहून केली. आपल्या वाडीत कुणी केली नाही. तुझ्या आईनं कधी मागितली नाही हे खरं, पण एकदा माझ्याजवळ बोलली होती, "माझं नाव दोनच ठिकाणी, चर्चच्या वहीत आणि रेशन कार्डावर." हे वाक्य तिचं आहे, तसंच्या तसं घे, तू त्यात स्वतःचं काही घालू नकोस आणि पप्पांवर राग काढायला वापरू नकोस. पण घे.

आणि हे फक्त आपल्याकडचंच आहे असं समजू नकोस. शेतकऱ्यांचा संत म्हणून इसिदोर सगळ्यांना माहीत, माद्रिदकडचा, जमीनदाराकडं राबणारा, त्याला १६२२ साली संतपद मिळालं, आपल्या फ्रान्सिस झेवियरबरोबर एकाच दिवशी. त्याची बायको मारिया, तीही शेतातच राबणारी, आलेल्या उपाशी माणसासाठी चुलीवर भांडं कायम चढवलेलं ठेवायची अशी तिची कथा सांगतात, तिला धन्यवादित म्हणायला १६९७ उजाडलं. आणि तिला ओळखतात कशी, तर मारिया दे ला काबेसा, म्हणजे डोक्याची मारिया, कारण दुष्काळ पडला की लोक तिच्या डोक्याचा अवशेष मिरवणुकीनं न्यायचे, पाऊस पडावा म्हणून. बाईचं स्वतःचं आडनाव मागं पडलं. तिचा सण आज आहे, ९ सप्टेंबरला, म्हणूनच मला आज हे पत्र पुरं करायचं होतं.

माणसांना विचारताना 'आई कशी होती?' असं विचारू नकोस. असं विचारलं की सगळे चांगलीच सांगतात आणि तू परत प्रेमळ-कष्टाळूवर येशील. पैऱ्याच्या मावशींना विचार, ती जेवायला काय आणायची, कुणाला द्यायची. दूध घालायला जायची त्या सोसायटीत विचार, फॅटवरनं कधी भांडली का. भांडलीय, मला माहिताय. हत्ती शेतात उतरायचे त्या वर्षी पप्पांबरोबर माळ्यावर कोण जागायचं ते पप्पांना विचार, डबा वाजवत वाजवत कोकणीतनं प्रार्थना म्हणायची ती, आवाज खालच्या आळीपर्यंत जायचा. वहिनीला एकटीला गाठून विचार, कारण सुनेला सासू जी दिसतीय ती लेकीला दिसत नाही, आणि तुझी आई सुनेशी पहिली काही वर्षं कडक वागली, हे तुला पण माहीत आहे. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेव आणि हातानं काहीतरी काम करत बस, भाजी निवड, शेंगा फोड. समोर वही घेऊन बसलीस की लोकं भाषण करतात.

भाषा तिची तिच्यासारखी राहू दे. घरात कोकणी, शेतात मराठी, फादरसमोर जरा पुस्तकी. खुर्सापाशी, क्रूसापाशी, लादीन म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना असायची मे महिन्यात, त्याला 'प्रार्थना सभा' करू नकोस. लादीन झाल्यावर ती उकडलेले चणे वाटायची आणि वाडीतली सगळी पोरं यायची, कुणाची कुठली जात-धर्म कुणी बघत नव्हतं, हेही त्यातच येऊ दे, वेगळा उपदेश नको. नाताळाला ती नेवऱ्यांची पहिली ताटली शेजारच्या पाटलांकडं पाठवायची आणि गौरीच्या वेळी तिकडनं पुरणपोळ्या यायच्या. इथं कोल्हापुरात कॅथलिक म्हटलं की लोकं अजून विचारतात, म्हणजे वायल्डर चर्चवाले का तुम्ही? ते प्रॉटेस्टंट वेगळे, आपण वेगळे, आपले लोक घाट चढून गोव्याकडनं आले आणि शेतकरी झाले, हे एक-दोन ओळीत सांग, जास्त नको. तुझी पुस्तिका आधी वाडीतल्या माणसांनी वाचायची आहे.

किती पानं व्हावीत म्हणून विचारलंयस. मला आकडा सांगता येत नाही. आठ झाली तरी चालतील. फोटो तो लग्नातला नको, सगळे तोच छापतात. तुझ्या भावाच्या मोबाईलमध्ये एक आहे, गोठ्यात बसलीय, डोक्याला टॉवेल, कॅमेऱ्याकडं बघायचं सोडून म्हशीकडं बघतीय, तो घे.

येत्या रविवारी जमलं तर ये, मिस्सेनंतर मी घरीच असते, जेवायला आहे तुला. कॅलेंडरं आण, पण नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आण, पाऊस अजून लागून आहे. आणि आल्यावर एक आठवण कर. तिनं गेल्या दिवाळीत घनसाळ भरून दिलेला स्टीलचा डबा माझ्याकडं राहिलाय, झाकणावर तिनं खिळ्यानं क्रूस कोरलाय तो. तांदूळ तिची बातमी आली त्याच आठवड्यात संपला. डबा मी घासून ठेवलाय, पण रिकामा कसा परत द्यायचा म्हणून इतके महिने कपाटातच आहे, त्यात काय घालून द्यावं ते तूच सांग.

तुझ्या
बाई